बेसातला फ्लॅट, उमरेड रोडचा प्लॉट आणि एकावन्न हजारांचं टोकन

भाच्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. "मामा, एक प्लॉट बुक केला. फक्त सांगायला फोन केला." ज्याने बँकेच्या गृहकर्ज विभागात बावीस वर्षं काढली, त्याला असा 'फक्त सांगायला' फोन आला की समजावं, पैसे देऊन झालेत आणि देणाऱ्याला आता झोप लागत नाही.

ही गोष्ट मे २०२५ ची. दोघांना विचारूनच लिहितो आहे. माणसांची आणि स्कीमची नावं गाळली आहेत, रकमा सोयीसाठी थोड्या गोल केल्या आहेत.

भाचा नागपूरला मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या उद्योग क्षेत्रात) आयटी कंपनीत, भाचेसून हुडकेश्वर रोडवरच्या शाळेत शिक्षिका, मुलगा चार वर्षांचा. मानेवाड्याला १३ हजार भाड्याच्या घरात राहत होते. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८४ हजार, गाडीचा हप्ता ७,२००, शिल्लक १६ लाख. "घर पण होईल आणि इन्व्हेस्टमेंट पण होईल, असं काहीतरी पाहिजे," हे त्याचं पहिलं वाक्य. माझ्या टेबलासमोर बसलेल्या दहांतल्या आठ जणांचं हेच वाक्य असायचं. राहायच्या घरात आपण शाळा, पाणी आणि ऑफिसचं अंतर बघतो. गुंतवणुकीत बघायचं ते एवढंच, की उद्या हे माझ्याकडून कोण घेईल आणि का घेईल. एका वस्तूला दोन्ही कामं लावली की माणूस एकाचा तोटा दुसऱ्याच्या फायद्याने झाकत बसतो. या प्रकरणात नेमकं तेच चाललं होतं.

रविवारची बस

प्लॉट उमरेड रोडला, पाचगावच्या अलीकडे आतल्या बाजूला. १,५०० चौरस फूट, १,४०० रुपये भाव, म्हणजे २१ लाख. रविवारी सकाळी गाडी घरून न्यायला आली, साईटवर मंडप टाकलेला, तर्री पोहे, चहा. चुन्याने आखलेले रस्ते आणि एक कमान. भाच्याने तिथेच ५१ हजार दिले आणि उरलेले २४ हप्त्यांत, 'शून्य टक्के व्याजाने'.

माहितीपत्रकावर समृद्धी महामार्ग, मेट्रोचा दुसरा टप्पा, मिहान, एम्स, सगळं होतं. ते पत्रक मी नकाशाशेजारी ठेवलं. समृद्धीचं नागपूरकडचं तोंड शिवमडक्याला आहे, या प्लॉटपासून शहराच्या पार दुसऱ्या बाजूला. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, लांबी ४३.८ किलोमीटर. पण त्याचे चार फाटे जातात बुटीबोरी, हिंगणा, कन्हान आणि कापसीकडच्या ट्रान्सपोर्ट नगरला. उमरेड रोडला एकही नाही. पत्रकात खोटं एक वाक्य नव्हतं. समृद्धी आहे, मेट्रो येते आहे, एम्स सुरू आहे. फक्त त्यांचा या प्लॉटशी संबंध नव्हता.

मग कागद मागितले. आले ते असे: पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचं इसारपत्र आणि लेआउटचा एक रंगीत नकाशा, ज्यावर कुठल्याही प्राधिकरणाचा शिक्का नाही. खसरा क्रमांक टाकून ७/१२ आम्हीच ऑनलाइन काढला. त्यावर शेतकऱ्याचं आणि त्याच्या तीन भावंडांचं नाव. लेआउट टाकणाऱ्याचं कुठेच नाही, त्याच्याकडे फक्त नोटरी केलेला करार. जमीन अकृषक झालेली नाही. झोन दाखला पाहिला तर शेती विभाग. आणि रजिस्ट्री कशाची करून देणार? तर शेतातल्या अविभक्त हिश्श्याची. म्हणजे आपला प्लॉट नेमका कोणता, हे फक्त त्या रंगीत नकाशाला ठाऊक.

"मामा, ते म्हणाले आरएल नंतर मिळते. आणि सरकार शेवटी नियमित करतंच ना. अर्धं नागपूर असंच वसलं."

हे त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण ते अर्धं खरं आहे. नागपूरकराला '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. शेतात पाडलेले अनधिकृत प्लॉट पुढे नासुप्रने (नागपूर सुधार प्रन्यासने) विकास शुल्क घेऊन नियमित केले, आणि लोकांनी त्या जागांत पैसे कमावलेही. पण त्यामागचा कायदा तारखेला बांधलेला असतो. गुंठेवारीचा, म्हणजे असे विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करण्याचा, कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला त्या दुरुस्तीचा उपयोग नाही. उद्या आणखी एक मुदत मिळेलही, पण त्या आशेवर २१ लाख लावायचे का? ज्यांना मिळालं त्यांनीसुद्धा रस्ता, नाली, गडर लाईन यांसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. त्या वाटेची किंमत भावात धरलेली नसते.

'आरएल' या दोन अक्षरांचाही घोळ आहे. मंजूर लेआउटमध्ये रस्ते, नाल्या, वीज ही कामं झाल्यावर प्राधिकरण प्लॉट विक्रीला मोकळे करतं, ते रिलीज लेटर. गुंठेवारीत मिळतं ते नियमितीकरणाचं पत्र, त्यालाही लोक आरएलच म्हणतात. विकणारा 'आरएल' म्हणाला की कोणतं, कोणी दिलेलं आणि कोणत्या खसऱ्याचं, हे तीन प्रश्न विचारायचे. इथे तर दोन्हींपैकी एकही नव्हतं. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबरही नव्हता. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि प्लॉट आठाहून जास्त असतील, तर लेआउटची नोंदणी करावीच लागते, हे बऱ्याच लोकांना माहीत नाही. रेरा फक्त फ्लॅटचा, असं वाटतं.

मी एवढंच म्हटलं, "कोणत्याही बँकेत जा आणि या प्लॉटवर कर्ज मागून ये." तो दोन ठिकाणी गेला. दोन्हीकडे नाही म्हणाले. शून्य टक्के हप्त्यांचं गणित तेव्हा त्याच्या ध्यानात आलं: बँक कर्ज देत नाही म्हणून विकणारा देतो.

टोकनचे पैसे परत मागायला सहा चकरा झाल्या. ३० हजार मिळाले. २१ हजार 'पुढच्या महिन्यात'.

नवीन स्कीम

त्यानंतर गाडी बेसा-बेलतरोडीकडे वळली. हा भाग का वाढला, हे मनीष नगरात राहणाऱ्या कोणालाही विचारा. मनीष नगर भरलं आणि लोक पुढे सरकले. वर्धा रोडला मेट्रो आणि डबल डेकर उड्डाणपूल आला, मिहानमध्ये आयटी कंपन्या, एम्स, आयआयएम आले आणि तिथे काम करणाऱ्यांना पन्नास लाखांच्या आत घर मिळेल अशी जागा हवी होती. पण एक गोष्ट नकाशात दिसत नाही. बेसा रेल्वे लाईनच्या एका बाजूला, मिहान दुसऱ्या. 'मिहान १० मिनिटांत' हे रविवारचं अंतर. भाच्याला सोमवारी सव्वानऊला गाडीवर पाठवलं. ३४ मिनिटं लागली. तरी मानेवाड्याहून लागतात त्यापेक्षा सातच कमी.

फ्लॅट होता दोन बेडरूमचा, महारेरात नोंदलेला. वेबसाईटवर सगळं दिसतं: पूर्ण करण्याची तारीख डिसेंबर २०२७, एकदा मुदतवाढ घेतलेली, किती फ्लॅट बुक झाले तेही. भाव सुपर बिल्टअपवर, म्हणजे भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून, सांगत होते. रेरात कार्पेट, म्हणजे घरातली वापराची जागा, लिहिलेलं असतं, त्यावर भाव काढला तर चौरस फुटाला जवळपास दीडपट होतो. इथे एक रक्कम मात्र बसून नीट मांडावी लागली.

किंमत ४५ लाख ८० हजार, पार्किंग धरून. बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटी पाच टक्के, पण परवडणाऱ्या घराला एक टक्का. परवडणारं कोणतं? नागपूर महानगरांच्या यादीत नाही, म्हणून इथे कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत. क्षेत्रफळात हा फ्लॅट आरामात बसत होता, किमतीत ८० हजारांनी बाहेर. या भावाला कर २ लाख २९ हजार. तोच फ्लॅट ४४ लाख ९० हजारांना दिला तर कर ४४,९००. बिल्डरने ९० हजार सोडले की आपले २ लाख ७४ हजार वाचतात. बिल्डर हसले, म्हणाले, "पार्किंग वेगळ्या पावतीवर घेऊ." तसं चालत नाही. पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, गार्डन फेसिंगचे जादा पैसे, हे सगळं त्या ४५ लाखांतच मोजतात. शेवटी त्यांनी मॉड्युलर किचन खरोखरच काढून टाकलं आणि भाव खाली आणला. त्यांचाही त्यात तोटा नव्हता.

करारनाम्याआधी ते २० टक्के मागत होते. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. हे शांतपणे सांगितलं की बहुतेक ठिकाणी विषय संपतो. इथेही संपला.

मग तो फ्लॅट का घेतला नाही? भाड्यामुळे. ८० टक्के कर्ज धरलं तर ३५ लाख ९० हजार. व्याज मी ८ टक्के धरलं, रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी रेपो दर कमी केला असला तरी. वीस वर्षांना हप्ता ३० हजारांच्या घरात. बँक काय बघते? ३० आणि गाडीचे ७,२००, म्हणजे पगाराच्या ४४ टक्के, चालेल. आमच्याकडे पात्रता काढताना घरभाडं धरतच नसत. पण ताबा मिळेपर्यंत भाडं काही थांबत नाही. जसजसे स्लॅब पडतील तसतसं व्याज वाढणार आणि शेवटच्या काही महिन्यांत ३० अधिक १३ अधिक ७, म्हणजे ५० हजार. ८४ मधून ५० गेले, की मुलाची शाळा आणि आईबाबांचं औषधपाणी ३४ मध्ये. आणि तेही बिल्डरने तारीख पाळली तर.

मधेच एका एजंटने 'आवास योजनेची पावणेदोन लाखांची सबसिडी' काढून द्यायचं सांगितलं. शहरी आवास योजना २.० च्या व्याज अनुदानाला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत आणि घराची किंमत ३५ लाखांपर्यंत लागते. हे दोन्हींत बसत नव्हते. विषय तिथेच मिटला.

तेरावा फ्लॅट

तिसरी जागा बेसातलीच, नऊ वर्षं जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, कार्पेट ६५५ चौरस फूट, मागणी साडेएकोणचाळीस लाख. मालकाची बदली झालेली. तयार घर, भोगवटा प्रमाणपत्र आहे, म्हणून जीएसटी नाही. या भागात हे प्रमाणपत्र असणं गृहीत धरू नका. ग्रामपंचायतीच्या कागदावर उभ्या राहिलेल्या इमारती इथे कमी नाहीत, आणि स्वस्त रिसेल फ्लॅट दिसला की तो अशाच बिल्डिंगमधला निघण्याची शक्यता बरीच.

आम्ही मुद्दाम मे महिन्यात, दुपारी दोनला गेलो. त्याला दोन कारणं. एक म्हणजे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत खाली नेला नसेल तर मे महिन्यात भेगा सगळ्यात उघड्या दिसतात, दिवाळीत रंग दिल्यावर नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग बघायची आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला तीच आहे का, तेही बघायचं. इथे पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक खचले होते, इमारतीभोवतीचा कोबा भिंतीपासून दोन बोटं सुटला होता, पण कॉलम आणि आतल्या भिंती साफ. प्लास्टरच्या केसाएवढ्या रेघा होत्या, त्या चालतात.

दुसरं कारण पाणी. इथे पेंचचं नळाचं पाणी नाही, बोअर आहे. मालक म्हणाले, "पाण्याचा तसा प्रॉब्लेम नाही." मी वॉचमनकडे पाणी प्यायला गेलो. त्याच्या खोलीच्या दारामागे खडूने रेघा ओढलेल्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, दूधवाल्याचा हिशेब असतो तशा. "हे काय जी?" म्हटलं. "टँकर. मे महिन्याचे." उभ्याने मोजले, एकेचाळीस. ८०० रुपयांचा एक. तेरा घरं. म्हणजे मे महिन्यात घरटी अडीच हजार. एप्रिल आणि जूनच्या रेघा पुसल्या जातात, पण त्यानेच अंदाज दिला. वर्षाला घरटी सहा-सात हजार. ही रक्कम जिवावर येण्यासारखी नाही. भाव ठरवताना ती माहीत असणं आणि नसणं यात फरक आहे, एवढंच.

तेरा घरं, हे मात्र डोक्यात राहिलं. नागपुरात बऱ्याच फ्लॅटच्या विक्रीपत्रात जमिनीचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. आमच्या मालकाचा ८.३३ टक्के. म्हणजे बारा फ्लॅट. मग तेरावा कुठून आला? नोंदणी विभागाच्या साईटवर बसून भाचेसुनेने सगळ्या फ्लॅटच्या 'सूची दोन', म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचे गोषवारे, शोधल्या. बारांची बेरीज शंभराला चार पैसे कमी. तेराव्याच्या दस्तात हिस्सा नाहीच, 'टेरेस राइट्स' आहेत. मंजूर नकाशा मालकाकडे नव्हता, चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे झेरॉक्स होती, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यात पार्किंग आणि चार मजले, वर फक्त लिफ्टची खोली आणि टाकी. प्रत्यक्षात टाकीशेजारी दोन खोल्यांचं 'पेंटहाउस', बाहेर तुळशीवृंदावन.

ते बेकायदा आहे. पण आपण घेतो तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मंजूर नकाशातला आहे. उद्या दंड लागला, पाडकाम निघालं, तर भांडण गच्चीचं होईल. बँकेच्या मूल्यांकनकर्त्याने अहवालात वरच्या बांधकामाची नोंद केली आणि फ्लॅटला कर्ज मंजूर झालं. ती नोंद आम्ही मालकासमोर ठेवली. टँकरच्या रेघा आधीच मोजल्या होत्या. ३७ लाखांना ठरलं.

मालकावर ११ लाखांचं जुनं कर्ज होतं, मूळ कागद त्यांच्या बँकेत. अशा वेळी विक्रेत्याच्या हातात मोठी रक्कम द्यायची नाही. त्यांच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि कागदपत्रांची यादी घ्यायची, आपल्या बँकेने तेवढा धनादेश थेट त्या बँकेच्या नावे काढायचा, उरलेला मालकाच्या. मालकी हक्काचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाने दिला. इसार एक लाख, चेकने.

घर भाचेसुनेच्या एकटीच्या नावावर घेतलं. स्त्रीच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, इथे ३७ हजार. नवऱ्याचं नाव टाकलं की ती जाते. भाचा फक्त सहकर्जदार. मालक नसल्यामुळे त्याला व्याजाची वजावट मिळणार नाही, पण तो नव्या करप्रणालीत आहे, स्वतः राहण्याच्या घरावर तिथे ती तशीही नाही. रजिस्ट्रीच्या दिवशी अर्जनवीसाने दोनदा विचारलं, "साहेबांचं नाव राहून गेलं का?" साहेब लाजले जरा.

कर्ज २७ लाख, हप्ता २२ हजार ६००. पदरचे १० लाख, मुद्रांक आणि नोंदणीचे अडीच लाखांच्या आसपास, रंग आणि जाळ्यांना ९० हजार. अडीच लाखांच्या आत-बाहेर हाताशी राहिले. ते मोडू दिले नाहीत, भाच्याला सोफा हवा होता तरी.

गुंतवणूक म्हणून बघितलं तर

त्याने विचारलंच, "मामा, हा इन्व्हेस्टमेंट म्हणून कसा?" सांगितलं, वाईट. या फ्लॅटचं भाडं साडेबारा हजार येईल. मेंटेनन्स, कर, रिकामे महिने वजा करता वर्षाला सव्वा लाख, चाळीस लाखांवर जेमतेम तीन टक्के. एफडी त्याच्या दुप्पट देते. बाकी सगळा फायदा भाव वाढण्यावर, आणि भाव जमिनीचा वाढतो, स्लॅबचा नाही. जमीन म्हणजे ८.३३ टक्के. तरी घ्या म्हटलं, कारण १३ हजार भाडं जात होतं, मुलगा शाळेत जायचा होता आणि भाचेसुनेची शाळा गाडीवर अकरा मिनिटांवर आली.

आता वर्ष झालं. कोबा पावसाआधी पुन्हा घालून घेतला. या मे महिन्यात टँकर छत्तीस झाले, घरटी दोन हजार दोनशे. मुलाने वॉचमनच्या दारामागे स्वतःच्याही दोन रेघा ओढल्या होत्या, त्या पुसून हिशेब जुळवावा लागला. पेंटहाउसवाले लिफ्टचा खर्च देत नाहीत आणि गच्चीची किल्ली त्यांच्याकडेच असते. टाकी धुवायची असली की दार वाजवून मागावी लागते. डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारत अपार्टमेंट म्हणून नोंदवणारा दस्त) झालेलं आहे, पण फ्लॅटधारकांची बैठक नऊ वर्षांत झाली नव्हती. पहिली भाचेसुनेने बोलावली. सात जण आले, पोस्टमास्तर अध्यक्ष झाले. किल्लीचा ठराव झाला, किल्ली अजून वरच आहे.

टोकनचे २१ हजार आले नाहीत. त्या माणसाचे मेसेज मात्र येतात, 'फक्त ७ प्लॉट शिल्लक'. मागच्या मे महिन्यातही सातच होते.

मागच्या आठवड्यात भाचा घरी आला. आता त्याला जामठ्याकडे एक प्लॉट दिसला आहे, भाव दुप्पट, आकार निम्मा. या वेळी टोकन दिलेलं नाही. पिशवीतून त्याने ७/१२, अकृषक आदेश, शिक्का असलेला मंजूर नकाशा, रिलीज लेटर आणि महारेराचा नंबर काढून टेबलावर ठेवला. मी रिलीज लेटरवरचा खसरा क्रमांक ७/१२ शी ताडून पाहिला. जुळला. मोजणीचा अर्ज करायला सांगितलं आहे, खुणा जागेवर सापडतात का ते बघून बोलू.